टिपणें कोणीं लिहावीं?

सांप्रत कोणत्याहि शाळेच्या शिक्षकदालनांत शिरलें, तर कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाल्यावांचून राहत नाहीं. कोणी म्हणतो, आतां शिक्षकाचें काम संपलें. कोणी म्हणतो, हें सारें थोतांड आहे, चार दिवसांनीं विसरलें जाईल. दोन्ही पक्षांचे लोक आपापलें म्हणणें मोठ्या आवेशानें मांडतात, आणि घंटा वाजली म्हणजे वाद तेथेंच टाकून वर्गावर जातात. आम्हांस ह्या वादांत पडण्याची हौस नव्हती. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या शाळेच्या प्रथमोपचार वर्गाचें टिपण नव्यानें तयार करण्याचें काम आम्हां तिघां शिक्षकांकडे आलें, व त्या कामीं आम्हीं ह्या नव्या यंत्राचें साहाय्य घेतलें. त्यावरून आमचें जें मत बनलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हें काम निघण्यास जें कारण घडलें, तें आमच्या मनास अद्याप टोंचतें. आमची शाळा कोंकणांत. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांच्या व मासेमारी करणारांच्या घरचे. कांहीं वसतिगृहांत राहतात. बाकीचे बांधांवरून व पऱ्ह्यांच्या कडेकडेनें चालत येतात. आठवी-नववीच्या मुलामुलींसाठीं दरवर्षी जुलै महिन्यांत प्रथमोपचाराचा वर्ग भरतो, व त्या वर्गाचें एक टिपण प्रत्येकास मिळतें. आमच्या एका ज्येष्ठ शिक्षकांनीं तें फार वर्षांपूर्वीं स्वहस्तें लिहिलें. पुढें त्याच्या झेरॉक्स प्रती निघत गेल्या. प्रतीची प्रत काढतां काढतां अक्षरें पुसट झालीं. मजकूर मात्र तोच राहिला.

तीन वर्षांपूर्वीं भातलावणीच्या दिवसांत आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांना शेतांत सर्पदंश झाला. मुलगा हुषार व धीराचा. तो गडबडला नाहीं. आमच्या टिपणांत होतें त्याप्रमाणें त्यानें दंशाच्या वर सुंभानें आवळून बांधलें, ब्लेडनें जखमेस चिरा दिल्या, आणि मग तो वाहन शोधूं लागला. रुग्णालयांत पोंचेपर्यंत पाय काळानिळा पडला होता. विष उतरलें, जीव वांचला. पण आवळलेल्या व चिरलेल्या जागीं मांस सडलें, आणि त्या गृहस्थांस पुढें कित्येक महिने मलमपट्टीसाठीं तालुक्याच्या गांवीं फेऱ्या घालाव्या लागल्या. आजहि ते लंगडत चालतात. कांहीं दिवसांनीं तो मुलगा शाळेंत आम्हांस भेटावयास आला, आणि अभिमानानें म्हणाला, "सर, तुम्हीं शिकविलें होतें, अगदीं तसेंच केलें." रुग्णालयांत डॉक्टर त्याच्यावर रागावले होते, हें त्यानें सांगितलें नाहीं; तें आम्हांस मागाहून कळलें.

त्या एका वाक्यानें आमची मान खालीं गेली. मुलगा चुकला नव्हता. टिपण चुकलें होतें, आणि टिपण चुकलें म्हणजे आम्ही चुकलों. ज्या मुलानें वर्गांत लक्षच दिलें नाहीं, त्याच्या हातून असा अपाय झाला नसता. ज्यानें मन लावून अभ्यास केला, त्याच्याच हातून तो झाला. शिक्षकास ह्याहून अधिक लज्जास्पद गोष्ट कोणती?

वास्तविक, घट्ट आवळणें, चिरा देणें, विष चोखून काढणें हे उपाय वैद्यकशास्त्रानें केव्हांच टाकून दिलेले आहेत. छाती दाबून हृदयक्रिया चालू ठेवण्याची रीतहि पालटली आहे. आमच्या टिपणांत पंधरा दाबांमागें दोन श्वास असें प्रमाण होतें. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत २००५ सालीं तें तीस दाबांमागें दोन श्वास असें झालें. २०१० सालीं अमेरिकन हार्ट असोसिएशननें क्रम बदलून आरंभ छातीपासून करावा असें सांगितलें. २०१५ सालीं मिनिटास १०० ते १२० दाब व मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे, अशी मर्यादा ठरली. शास्त्र पुढें चाललें होतें, आणि आमची प्रत नुसती पुसट होत होती.

सर्पदंश हा कांहीं विरळा प्रकार नव्हे. २००० ते २०१९ ह्या काळांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाची गणना उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केली, आणि भारत सरकारनें २०२४ सालीं त्यासंबंधीं राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली. अशा विषयाचें टिपण हातीं घेतांना तें केवळ परीक्षेपुरतें आहे असें मानून चालत नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. ज्यास 'जनरेटिव्ह एआय' म्हणतात, तें सांगितलेल्या विषयावर स्वतः मजकूर रचणारें संगणकीय साधन होय. २०१७ सालीं गूगलमधील संशोधकांनीं 'ट्रान्सफॉर्मर' नांवाची जी रचना प्रसिद्ध केली, तिच्यावर अशीं बहुतेक साधनें उभीं आहेत. आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' लोकांपुढें आल्यापासून तीं घरोघर पोंचलीं. अफाट मजकुराच्या वाचनावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणें संभवनीय आहे हें यंत्र शिकतें, व त्या बळावर वाक्य रचतें. त्यानें रुग्ण पाहिलेला नसतो, साप पाहिलेला नसतो; लोक रुग्णांविषयीं व सापांविषयीं काय लिहितात हें मात्र त्यास पुष्कळ ठाऊक असतें. एवढा भेद लक्षांत ठेवला म्हणजे पुढील हकीकत समजण्यास सोपी जाईल.

आमचा पहिला प्रयोग सरळसोट होता, आणि तो फसला. आम्हीं यंत्रास सांगितलें कीं, आठवीच्या विद्यार्थ्यांसाठीं मराठींत प्रथमोपचाराचें संपूर्ण टिपण लिहून दे. एक मिनिट झालें नसेल, तों मथळ्या-उपमथळ्यांनीं नटलेला मोठा मजकूर पुढें उभा राहिला. शुद्धलेखन आमच्या जुन्या प्रतीहून सरस. छाती दाबण्याचें प्रमाण अद्ययावत्. सर्पदंशास चिरा देऊं नये हेंहि त्यांत स्पष्ट होतें. आमच्यांतील एक जण म्हणाले, "आतां छापावयासच द्या." सुदैवानें दिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सावकाश वाचतां तीन चुका आढळल्या. पहिली हंसण्यासारखी होती. हात मोडला असतां 'गोफण बांधावी' असें त्यांत लिहिलें होतें. पांखरें हाकण्याच्या गोफणीस व मोडलेला हात गळ्यांत अडकविण्याच्या झोळीस इंग्रजींत एकच शब्द आहे. यंत्रानें त्यांतील नेमका नको तो अर्थ उचलला. मुलांना हें दाखविलें तेव्हां वर्गांत मोठा हशा पिकला.

दुसऱ्या चुकीवर कोणी हंसलें नाहीं, कारण ती आमच्या लक्षांतच आली नव्हती. सर्पदंशावर संपूर्ण हात किंवा पाय दाबून गुंडाळणारी पट्टी बांधावी, असें यंत्रानें मोठ्या आत्मविश्वासानें लिहिलें होतें. आम्हांस तें शास्त्रीय वाटलें. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरांना मजकूर दाखविला तेव्हां त्यांनीं त्या ओळीवर रेघ मारली. हा उपाय ऑस्ट्रेलियांत शिकविला जातो व तेथील सर्पांसाठीं तो योग्यच आहे. परंतु आमच्याकडे घोणस व फुरसें ह्यांच्या दंशानें त्या जागचें मांसच बिघडूं लागतें. तेथें विष दाबून ठेवणें अपायकारक ठरूं शकतें, म्हणून भारतांतील उपचारपद्धतींत ही पट्टी सरसकट सांगत नाहींत. यंत्रानें कांहीं मनचें लिहिलें नव्हतें. एका देशाचें खरें त्यानें दुसऱ्या देशाच्या पानावर ठेवलें होतें, इतकेंच.

तिसरी चूक डॉक्टरांच्याहि नजरेंतून निसटली. सर्पदंशाचीं लक्षणें म्हणून यंत्रानें 'दंशाच्या जागीं दोन दांतांच्या खुणा, वेदना व सूज' असें लिहिलें होतें. वसतिगृहांत आम्ही हें मोठ्यानें वाचीत असतां स्वयंपाक करणाऱ्या मावशी दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मण्यार चावली तर कळत पण नाय, सर. पोर रात्रीचं उठून पोटात दुखतंय म्हणतं, नि मग त्याचे डोळेच उघडत नाय." मावशींच्या माहेरीं असा प्रकार घडलेला होता. डॉक्टरांना विचारलें, ते तात्काळ म्हणाले, "मावशींचें बरोबर आहे, हें मीच सांगावयास हवें होतें." मण्यार बहुधा रात्रीं, जमिनीवर झोंपलेल्या माणसास चावते, खूण दिसेलच असें नाहीं, वेदना व सूज जवळजवळ नसते, पुढें पोटांत दुखणें, पापण्या मिटणें, श्वास मंदावणें अशीं लक्षणें दिसूं लागतात. आमच्या वसतिगृहांतील मुलें अनेक वर्षे जमिनीवर अंथरूण घालून झोंपत. सूज नाहीं म्हणजे साप चावला नाहीं, असा निष्कर्ष काढून एखाद्या मुलानें आपल्या मित्रास पुन्हां निजविलें असतें, तर? हा विचार मनांत आला आणि आम्ही कांहीं वेळ कोणी कोणाशीं बोललों नाहीं. त्या महिन्यांतच वसतिगृहांत खाटा व मच्छरदाण्या आणविण्याचा निर्णय झाला.

ह्या तीन चुकांचा विचार करतां एक गोष्ट ध्यानांत येते. पहिली चूक कोणत्याहि मराठी माणसास दिसते. दुसरी जाणत्या डॉक्टरांस दिसते. तिसरी त्या मातींत राहणाऱ्या माणसासच दिसते. परंतु तिन्ही चुकांची भाषा सारखीच गुळगुळीत होती. माणूस लिहितांना ज्या ठिकाणीं अडखळतो, तेथें त्याची लेखणीहि अडखळते, व वाचकास संशय येतो. यंत्राची लेखणी अडखळत नाहीं. म्हणून संशयाची जबाबदारी सर्वस्वीं वाचणारावर येते. २०२३ सालीं न्यूयॉर्क येथील एका खटल्यांत कांहीं वकिलांनीं अशाच यंत्राकडून मिळालेले पूर्वनिर्णय न्यायालयापुढें सादर केले. ते निर्णय अस्तित्वांतच नव्हते. न्यायालयानें त्यांना ५,००० डॉलर दंड केला. आमच्या प्रकरणांत दंड आम्हांस झाला नसता. तो एखाद्या मुलास भरावा लागला असता.

येथेंच आम्ही थांबलों असतों, तर यंत्राच्या विरोधकांच्या पंक्तींत जाऊन बसलों असतों. परंतु जुनें टिपण तर टाकून द्यावयाचें होतेंच, आणि वेळ थोडा होता. म्हणून आम्हीं काम उलटें फिरविलें. डॉक्टरांशीं बोलून, प्रमाणभूत पुस्तिका पाहून, आम्हीं स्वतः नवा मसुदा लिहिला, आणि यंत्रास म्हटलें: तूं लिहूं नकोस. हें टिपण एखाद्या तेरा वर्षांच्या मुलानें प्रथमच हातीं घेतलें आहे असें समजून वाच, आणि त्यास जें कळणार नाहीं, तें आम्हांस विचार.

त्यावर जे प्रश्न आले, त्यांतील कांहीं निरर्थक होते. परंतु कांहींनीं आमची झोंप उडविली. 'पान तीनवर पट्टी घट्ट बांधावी असें आहे, पान आठवर घट्ट बांधूं नये असें आहे. केव्हां घट्ट व केव्हां सैल?' 'भाजलेला भाग थोडा वेळ पाण्याखालीं धरावा, म्हणजे किती वेळ?' 'रुग्ण बेशुद्ध आहे हें मुलानें कसें ओळखावें?' 'जवळ दुसरें कोणी नसेल, तर आधीं फोन करावा कीं आधीं छाती दाबावी?' मसुदा आमच्यापैकीं प्रत्येकानें निदान चार वेळां वाचला होता, आणि एकाहि वाचनांत हे प्रश्न आम्हांस सुचले नव्हते. ज्यास विषय ठाऊक असतो, तो पानावरचें वाचीत नाहीं. आपल्या डोक्यांतलें वाचतो. 'थोडा वेळ' हे शब्द दिसतांच त्याच्या मनांत योग्य तो वेळ आपोआप उभा राहतो. मुलाच्या मनांत कांहींच उभें राहत नाहीं, आणि शिक्षकापुढें तोंड उघडण्याचें धैर्यहि त्यास होत नाहीं. यंत्रास ना भीड, ना कंटाळा.

त्या प्रश्नांचीं उत्तरें आम्हीं यंत्रास विचारलीं नाहींत, डॉक्टरांना विचारलीं. म्हणून आतां टिपणांत 'थोडा वेळ' नाहीं, 'वाहत्या थंड पाण्याखालीं वीस मिनिटें' असें आहे. 'मदत बोलवावी' एवढेंच नाहीं. 'फोनचा स्पीकर चालू करून तो जमिनीवर ठेवावा, १०८ लावावा, आणि बोलत असतांनाच हात छातीवर ठेवावे' असें आहे. ह्या दोन वाक्यांची सुधारणा आम्हांस त्या पहिल्या दिवशींच्या संपूर्ण मजकुराहून अधिक मोलाची वाटते.

पुढील काम वर्गाच्या शेवटीं विचारावयाच्या प्रश्नांचें. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय द्यावयाचे असतात. ते यंत्रानें झटपट दिले. परंतु चुकीचे तीन पर्याय इतके वेडगळ होते कीं, विषय न शिकतांहि कोणासहि बरोबर उत्तर ओळखतां आलें असतें. 'नाकांतून रक्त आल्यास धांवत सुटावें' असें कोणतें मूल मानतें? तेव्हां आम्हीं मागील वर्षांच्या उत्तरपत्रिका काढल्या, नांवें वगळलीं, आणि मुलांनीं खरोखर केलेल्या चुकांची यादी केली. नाकांतून रक्त आल्यास मान मागें टाकावी. भाजल्यावर दांत घासण्याची पेस्ट किंवा शाई लावावी. फेफरें आलेल्यास चप्पल अथवा कांदा हुंगवावा. बुडालेल्यास पोटावर दाबून पाणी काढावें. हीं उत्तरें वेडेपणाचीं नव्हेत. घरोघर आजीपासून नातवापर्यंत चालत आलेल्या समजुती आहेत. ती यादी यंत्रापुढें ठेवतांच प्रश्नांचा नूर पालटला. प्रत्येक चुकीच्या समजुतीभोंवतीं त्यानें एकेक प्रसंग रचला: शेजारची काकू पेस्ट घेऊन धांवत येते, मुलानें तिचा मान राखून तिला काय सांगावें? असे प्रसंग रचण्यास आम्हांस आठवडे लागले असते. तेथें यंत्राचे उपकार आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

आमचा हा अनुभव एकाकी नाहीं. तुर्कस्तानांतील एका माध्यमिक शाळेंत सुमारें एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०२५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला आहे. एका गटास सरावाच्या वेळीं साधें यंत्र दिलें. त्यांचा सराव ४८ टक्के सरस झाला, परंतु पुढें यंत्राविना परीक्षा घेतां, ज्यांना यंत्र मुळींच मिळालें नव्हतें त्यांच्यापेक्षां ते १७ टक्के मागें पडले. दुसऱ्या गटाच्या यंत्रांत शिक्षकांनीं आधीं भर घातली होती: विद्यार्थी कोठें चुकतात, कोणती सूचना द्यावी, उत्तर आयतें देऊं नये. ह्या गटाचा सराव १२७ टक्के सरस झाला, आणि परीक्षेंत तो मागें पडला नाहीं. पुढेंहि गेला नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. यंत्र सारखेंच, फरक पडला तो शिक्षकांनीं त्यांत ओतलेल्या आपल्या मुलांच्या ओळखीमुळें.

आणखी एक दोष सांगितला पाहिजे: यंत्रास आवरावें लागतें. सुधार म्हटलें कीं तें वाढवितें. आमच्या मसुद्यास त्यानें प्रस्तावना जोडली, समारोप जोडला, प्रत्येक भागास 'महत्त्वाच्या सूचना' जोडल्या. संकटाच्या वेळीं थरथरत्या हातानें जें पान उलटावयाचें, त्यावर इतका पसारा काय कामाचा? शेवटीं आम्हीं नियम केला: एका संकटास एक पान, आणि पानावर हातांनीं करावयाच्या गोष्टीच फक्त. यंत्रानें वाढविलेलें आम्हीं तिघांनीं बसून कापलें. लिहिण्याचें कष्ट वांचले ते कापण्यांत गेले. परंतु ते व्यर्थ गेले असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या ह्या मतावर दोन्हीकडून आक्षेप येतील, हें आम्ही जाणतों. एक पक्ष म्हणेल: यंत्राची संवय लागली कीं शिक्षकाची लेखणी गंजेल. हें भय खोटें नाहीं. म्हणूनच मसुदा आधीं आपण लिहावा आणि यंत्राकडे परीक्षकाचें काम द्यावें, असें आम्ही म्हणतों. ज्यानें स्वतः मसुदा लिहिला नाहीं, त्यास यंत्राचा दोष दिसत नाहीं आणि गुणहि दिसत नाहीं. दुसरा पक्ष म्हणेल: जेथें शिक्षक थोडे व कामें फार, तेथें यंत्राचें आयतें टिपण, तें कसेंहि असो, कांहीं नसण्यापेक्षां बरें. ह्यास आमचें उत्तर तो सुंभ आहे. आमचें जुनें टिपण वाईट हेतूनें लिहिलेलें नव्हतें. लिहिणारे शिक्षक आपल्या काळचें उत्तम ज्ञान देत होते. अपाय झाला तो, पुढें कोणी तें पुन्हां वाचलें नाहीं म्हणून. हातानें लिहिलेल्या टिपणाचीहि जर ही गत, तर मिनिटांत तयार होणाऱ्या टिपणाची काय होईल? जें फुकट मिळालें, तें कोणी तपासून घेत नाहीं.

शिवाय, यंत्रांत जें ज्ञान आहे, तें तेथें आलें कोठून? आमच्याच कोंकणांतील उदाहरण घ्या. लाल विंचवाच्या दंशानें येथें माणसें मरत, आणि त्यावर निश्चित उपाय पुस्तकांत नव्हता. महाडजवळ काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीं रुग्णांच्या उशाशीं रात्री जागून, घाम, नाडी, रक्तदाब ह्यांच्या नोंदी ठेवल्या. १९८० च्या दशकांत 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत त्या प्रसिद्ध केल्या, आणि प्राझोसिन हें औषध विंचूदंशावर उपयोगी पडतें हें दाखविलें. मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें खालीं आलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आज यंत्रास विंचूदंशाविषयीं विचारलें तर तें प्राझोसिनचें नांव सांगतें. पण तें सांगतां यावें म्हणून कोणी तरी आधीं त्या खाटेजवळ बसावें लागलें. मावशींनीं दारांत उभें राहून सांगितलेली गोष्ट ह्याच जातीची होती. अशा गोष्टी पानावर आणणें हें शिक्षकाचें काम आहे, आणि ज्या दिवशीं तो तें सोडील, त्या दिवसापासून यंत्रासहि नवें कांहीं मिळणार नाहीं.

विद्यार्थ्यांच्या हातीं यंत्र द्यावें किंवा नाहीं, हा निराळा विषय आहे. युनेस्कोनें २०२३ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत वर्गांतील अशा वापरास निदान तेरा वर्षांची वयोमर्यादा सुचविली आहे. आम्हीं यंत्र शिक्षकांपुरतेंच ठेवलें, आणि कोणत्याहि विद्यार्थ्याचें नांव, आजार वा घरची हकीकत त्यास सांगितली नाहीं.

नव्या टिपणाच्या प्रत्येक पानाच्या तळाशीं आतां दोन ओळी छापल्या आहेत: मजकूर कोणीं तपासला, आणि कोणत्या तारखेस. तारखेस वर्ष उलटलें कीं तें पान वर्गांत वापरावयाचें नाहीं, असा ठराव झाला आहे. यंत्र त्या ओळीवर सही करूं शकत नाहीं. सही माणसाची लागते. टिपणें कोणीं लिहावीं, ह्या प्रश्नास आमचें उत्तर एवढेंच: लेखणी कोणाचीहि असो, खालीं ज्याची सही आहे, त्यानें तें लिहिलें असें समजावें, आणि त्याप्रमाणें त्यानें तें वाचावें.

गेल्या जुलैंत वर्ग भरला, तेव्हां नव्या टिपणाची पहिली प्रत आम्हीं त्या माजी विद्यार्थ्यास दिली, आणि सर्व मुलांदेखत सांगितलें कीं, त्या दिवशीं तो चुकला नव्हता, आम्हीं त्यास चुकीचें शिकविलें होतें. तो बराच वेळ पान पाहत राहिला. मग त्यानें विचारलें, "सर, हें मी घरीं नेऊं का? बाबांना दाखवायचंय."

ह्या अंकाच्या ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरीं आमचें जुनें, हातानें लिहिलेलें टिपण असेल, त्यांस आमची कळकळीची विनंती आहे: त्यांतील सर्पदंशाचें पान आजच फाडून टाकावें. दंश झालेल्या माणसास धीर द्यावा, हालूं देऊं नये. अंगठ्या, पैंजण, घट्ट कपडे काढावे. हात किंवा पाय फळीच्या आधारानें स्थिर ठेवावा. आवळूं नये, चिरूं नये, चोखूं नये. १०८ लावून प्रतिविष असलेल्या रुग्णालयांत तात्काळ न्यावें. नवी प्रत शाळेच्या कचेरींत ठेवली आहे. ती विनामूल्य मिळेल. आणि तींत चूक आढळल्यास ती आम्हांस अवश्य कळवावी.